जामखेडचा दवाखाना आणि गांवगाडा

राहुरीच्या शिवारांत मुळेचें पाणी कालव्यांनीं खेळतें. ऊंस आहे, कृषि विद्यापीठ आहे, तालुक्याच्या गांवीं सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. अशा भागांत आरोग्य-केंद्र म्हटलें कीं डॉक्टर, सुई आणि औषधाची बाटली एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. गांवाच्या इतर व्यवहाराशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें सहसा मनांत येत नाहीं. तो संबंध किती खोल जातो, हें याच अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जामखेडला, दिसून आलें.

जामखेड हा पर्जन्यछायेंतला कोरडा मुलूख. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं तेथें गेलें. रजनीकांत याच जिल्ह्याचे. दोघांचें शिक्षण वेल्लोरला व पुढें अमेरिकेंत झालेलें. परंतु गांवकऱ्यांना आरोग्याची चर्चा नको होती. पाणी द्या, अन्न द्या, एवढीच त्यांची मागणी. १९७२ च्या दुष्काळानें ती अधिकच तीव्र झाली. तेव्हां दवाखान्याचें काम विंधन-विहिरींपासून सुरू झालें. त्यांतली युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. विहिरीची जागा दलित वस्तींत धरावयाची! ज्या वस्तीकडे वळावयाचें नाहीं, तेथेंच घागर घेऊन जाण्याची पाळी सवर्ण बायकांवर आली. रोगराई हटविण्यासाठीं खणलेल्या विहिरीनें शिवाशिवीलाही धक्का दिला. शंभर व्याख्यानांनीं तें झालें नसतें.

खेड्यांत राहावयास शिकलेल्या परिचारिका पाठविल्या. त्या टिकल्या नाहींत. परक्या गांवांत एकटी तरुण स्त्री राहणार कशी, आणि तिचें ऐकणार तरी कोण? म्हणून गांवांतल्याच बायका निवडल्या. पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, जातपात विसरून एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि शिकलेलें गांवीं नेत. जुलाब झालेल्या मुलाचें पाणी तोडण्याची चाल होती; त्यांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजावयास शिकविलें. नाळ कापावयाचें पातें उकळून घेणें, गरोदर सुनेस पोटभर जेवूं घालणें, या गोष्टी साध्या खऱ्या. पण त्या सासूच्या गळीं उतरविणें डॉक्टरला साधलें नसतें. तें शेजारणीला साधलें. १९७१ सालीं तेथें हजार जन्मांमागें १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत. १९९० नंतरच्या दशकांत हा आंकडा तिसांच्या खालीं गेला.

आंकडा हा मात्र अर्धाच हिशेब. झालेलें मूल जगेल असा भरंवसा आला, तेव्हां कुटुंबनियोजनाची गोष्ट आयांनीं ऐकून घेतली. त्याआधीं 'दोन पुरेत' असें कोणती आई म्हणाली असती? शेतकरी मंडळें व महिला मंडळें निघालीं. बायका लहानसहान धंद्यासाठीं कर्ज काढूं लागल्या. ज्या बाईला घरांत कोणी विचारीत नव्हतें, तिला गांव विचारूं लागलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज राहुरीच्या खेड्यांतही 'आशा' घरोघर हिंडते. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें सुमारें हजार वस्तीमागें एक, अशी ही योजना केली. गांवचीच बाई निवडावयाची, हें तत्त्वही तेंच. परंतु जामखेडला त्या बाईचें गांवांतलें वजन वाढविण्यावर सारा भर होता. आशेचा मोबदला बहुतांशीं कामागणिक मोजला जातो आणि नोंदींचा भार मोठा. नुसत्या वजनानें पोट भरत नाहीं, हेंही खरें. त्या मोबदल्यासाठीं राज्यांतल्या आशांना संप करावा लागला आहे, आणि मुंबईच्या आझाद मैदानावर ठाणही मांडावें लागलें आहे.