पाणी किती, ते आधी सांगा

जुलै महिन्यात मुंबईच्या दमट हवेत आयनिक द्रव मोजायला घेणं म्हणजे पावसाशी वैर पत्करणं. हा द्रव म्हणजे वितळलेलं मीठच, आत फक्त आयन. जेवणातलं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेलं एथिल अमोनियम नायट्रेट १२ अंशांच्या आसपासच वितळतं. आमच्या बाटलीत होतं ब्यूटिल-मिथिल-इमिडाझोलियम टेट्राफ्लुओरोबोरेट. दिसायला गोडेतेल, आणि हवेतली वाफ गुपचूप पिणारं.

म्हणून मोजण्याआधी वाळवणं. रात्रभर निर्वात पंपावर, ७० अंशांना, ढवळत. सकाळी कार्ल फिशर यंत्रात थोडा नमुना सोडायचा आणि पाणी किती पीपीएम उरलं ते पाहायचं. आकडा मनासारखा नसेल तर नमुना परत पंपावर. कंटाळवाणं काम आहे, पण बाकी सगळं यावरच उभं आहे.

घनता मोजायला इंग्रजी यू आकाराची बारीक काचनळी असते. ती कंप पावते. आतला द्रव जितका जड, तितका कंप संथ. आधी शुद्ध पाणी भरून २५ अंशांना ०.९९७०४ येतं का, ते तपासायचं. मग सिरिंजने नमुना, अगदी हळू. घट्ट द्रवात अडकलेला बुडबुडा सहजासहजी निघत नाही, आणि तो असेपर्यंत आकडा खोटा.

या द्रवाचं मिथेनॉलशी मिश्रण मापाने करत नाहीत, वजनाने करतात. आधी जड द्रव, मग मिथेनॉल, आणि लगेच बूच. मिथेनॉल उडून जातं. रेणूंच्या हिशेबाने निम्मं-निम्मं हवं असेल तर वजनात मिथेनॉल जेमतेम आठवा हिस्सा लागतं. गंमत पुढे आहे. दोघांच्या आकारमानांची बेरीज केली तर मिश्रण त्याहून किंचित कमी भरतं, कारण मिथेनॉलचे छोटे रेणू आयनांच्या फटींत शिरतात. श्यानता तर कोसळतेच. शुद्ध द्रवाची शंभर मिलिपास्कल-सेकंदांच्या घरात, मिथेनॉलची जेमतेम अर्धा. पहिल्या काही थेंबांतच निम्म्याहून अधिक घट्टपणा जातो. पंप आणि नळ्यांची आखणी करणाऱ्याला नेमका हाच उतार हवा असतो.

पाण्यानेही असाच उतार येतो, म्हणून चोर ओळखणं अवघड. हजारात एक भाग पाणी राहिलं तरी घनतेचा चौथा दशांश हलतो. तेव्हा एखाद्या शोधनिबंधाच्या तक्त्यात घनता पाच दशांशांपर्यंत असेल आणि पाण्याचं प्रमाण कुठेच नसेल, तर शेवटचे दोन अंक खोडूनच वाचावेत.