बर्फावरून उतरल्यावर : आइस हॉकीपटूंच्या निवृत्तीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रिस प्रॉन्गर हा धिप्पाड बचावपटू नोव्हेंबर २०१५ मध्ये टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. खेळ सोडून तीन वर्षं झालेल्यांनाच हा मान मिळतो. गंमत अशी की त्या दिवशी कागदोपत्री प्रॉन्गर निवृत्त नव्हताच. ॲरिझोनाच्या संघाच्या यादीत त्याचं नाव होतं. शेवटचा सामना तो २०११ मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळला होता. त्या हंगामात आधी प्रतिस्पर्ध्याची काठी डोळ्याला लागली, मग मेंदूला बसलेल्या धक्क्यांचा त्रास सुरू झाला आणि त्याचं खेळणं कायमचं थांबलं. पण करार २०१७ पर्यंतचा होता. निवृत्तीचा कागद दिला असता, तर उरलेल्या पैशांवर पाणी सोडावं लागलं असतं. म्हणून तो जखमींच्या यादीत राहिला. मधल्या काळात खेळाडूंना शिस्त लावणाऱ्या लीगच्याच खात्यात त्याने नोकरीही धरली.

निवृत्ती म्हणजे हार, तुरे आणि ओले डोळे, हे चित्र इथेच पुसून टाकलेलं बरं. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, निवृत्ती हा बहुतेकदा हिशेबाचा मामला असतो. पुष्कळ जणांच्या वाट्याला तर निर्णयही येत नाही. करार संपतो आणि एजंटचा फोन यायचा थांबतो. आपल्याकडचा हॉकीपटू रेल्वेत, एअर इंडियात किंवा पोलिसांत चिकटायचा, खेळ संपला की कचेरीत बसायचा. तिकडे तशी सोय नाही.

गैरसमज : एनएचएलमध्ये पोचला, जन्माची ददात मिटली

आकडे डोळे दिपवतात हे खरं. २०२३-२४ च्या हंगामात लीगमधला किमान पगार होता ७ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे साडेसहा कोटी रुपयांच्या घरात. पण तो पूर्ण हंगाम संघात राहिलेल्याचा. पगार दिवसावर मोजला जातो. नवख्या खेळाडूचा करार बहुधा दुहेरी असतो : वरच्या संघात असेल त्या दिवसाचा एक दर, खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवलं त्या दिवसाचा दुसरा. खालचा दर वरच्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही असू शकतो. मंगळवारी बोलावणं येतं, शुक्रवारी बॅग भरून परत जायचं, आणि तेवढे तीन दिवसच मोठ्या पगाराचे.

आता कपात पाहा. एजंटची टक्केवारी जाते. टोरांटोत खेळणाऱ्याला वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर केंद्र आणि प्रांत मिळून ५३ टक्क्यांहून जास्त कर बसतो. अमेरिकेतली अनेक राज्यं पाहुण्या खेळाडूकडूनही, तिथे खेळलेल्या दिवसांपुरता, कर घेतात. शिवाय एस्क्रो नावाची एक भानगड आहे. खेळातून येणारा महसूल मालक आणि खेळाडू यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, असं २०१३ पासून ठरलेलं आहे. म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के रक्कम बाजूला काढून ठेवतात. वर्षअखेर पगारांची बेरीज निम्म्याच्या वर गेलेली निघाली, तर ती मालकांकडे जाते. २०२०-२१ मध्ये, कोरोनामुळे स्टेडियम ओस पडली तेव्हा, ही कपात २० टक्के होती. सगळं वजा जाता हातात निम्म्याच्या आसपास उरतं, आणि तेही हंगामाच्या सहा-सात महिन्यांत येतं. पुढचे पाच महिने खिशातून.

त्यात कारकीर्द सरासरी चार-पाच वर्षांची. ही सरासरी सिडनी क्रॉस्बीसारख्या वर्षानुवर्षं खेळणाऱ्या दिग्गजांना धरून आहे. दहा-वीस सामने खेळून गेलेल्यांची यादी फार लांब आहे. दर वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवी मुलं निवडून घ्यायच्या फेऱ्यांत, २२४ मुलं निवडली जातात. त्यांतली कित्येक एनएचएलचा एकही सामना न खेळता तिशी गाठतात.

बरं, ज्याला खरोखर मोठा पैसा मिळाला तो तरी सुटतो का? जॅक जॉन्सन या बचावपटूने २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाशी सात वर्षांचा, ३ कोटी ५ लाख डॉलरचा करार केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याने ओहायोतल्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. जवळ ५० हजार डॉलरपेक्षा कमी मालमत्ता, डोक्यावर १ कोटीहून जास्त देणं. पैशांचा कारभार त्याने आई-वडिलांवर सोपवला होता, आणि त्याच्या पुढच्या पगारांच्या भरवशावर भरमसाट व्याजाने कर्जं उचलली गेली होती. जुगार, गाड्या, पार्ट्या यांतलं काही नाही. सह्या करताना कागद वाचले नाहीत, एवढंच. सुदैवाने त्याची कारकीर्द संपली नव्हती. पगाराचा मोठा वाटा देणेकऱ्यांकडे जात असताना तो खेळत राहिला आणि २०२२ मध्ये कोलोराडोकडून एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली कपही जिंकला. हेच दिवाळं निवृत्तीनंतर वाजलं असतं, तर फेडायला पगारच नव्हता.

गैरसमज : जुन्या खेळाडूंचे हाल झाले, कारण त्या काळी पैसाच नव्हता

पगार कमी होते, यात वाद नाही. मॉन्ट्रियलचा मॉरिस रिशार ज्या शहरात देवासारखा पूजला गेला, तिथेच निवृत्तीनंतर तो तळघरातून मासेमारीच्या दोरीचा धंदा करायचा. पण ‘काळच तसा होता’ म्हणणं हे मालकांना फार सोयीचं आहे. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला, तर संघाने त्याची रवानगी शिकागोला केली. त्याच्या बरोबरीने उभा राहिलेला मॉन्ट्रियलचा डग हार्वी हा आपल्या काळातला सर्वोत्तम बचावपटू, सर्वोत्तम बचावपटूचं पारितोषिक सात वेळा जिंकलेला. दारू आणि मानसिक आजार यांनी पोखरलेला हा माणूस उतारवयात ओटावाजवळच्या एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात, रेल्वेच्या जुन्या डब्यात राहत होता.

पुढे १९६७ मध्ये संघटना झाली, पण तिचा सर्वेसर्वा ॲलन ईगलसन हाच मोठमोठ्या खेळाडूंचा एजंटही होता. कुंपणच शेत खाऊ लागलं. बॉबी ऑरची गोष्ट यातली सर्वांत कडू. गुडघ्यांवर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया झालेला ऑर १९७६ मध्ये बॉस्टन सोडून शिकागोला गेला. बॉस्टनने त्याला संघाच्या मालकीतला १८.५ टक्के वाटा देऊ केला होता. ईगलसनने ते आपल्याला नीट सांगितलंच नाही, असं ऑर सांगत आला आहे. १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला तेव्हा ६५७ सामन्यांत ९१५ गुण नावावर होते आणि हातात जवळजवळ काही नव्हतं. ईगलसनने १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तुरुंगात गेला. ऑर नंतर स्वतःच एजंट झाला.

पेन्शनचंही तेच. पेन्शन निधीत जमलेलं आधिक्य लीगने भलतीकडे वळवलं, म्हणून कार्ल ब्रूअर, गॉर्डी हाव वगैरे निवृत्तांनी ओंटारिओच्या न्यायालयात दावा लावला. १९९२ मध्ये ते जिंकले. १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचं अपील ऐकायलाही नकार दिला. व्याजासकट सुमारे ४ कोटी डॉलर खेळाडूंकडे परत आले. तेव्हा पैसा होता, तो खेळाडूंपर्यंत येत नव्हता.

गैरसमज : डोक्याला मार लागतो तो मारामारी करणाऱ्यांना

आइस हॉकीत मुठींची मारामारी झाली की पाच मिनिटं बाहेर बसवतात, आणि त्या कामासाठीच ठेवलेले खेळाडू पूर्वी प्रत्येक संघात असत. डेरेक बूगार्ड त्यांतला. २७७ सामने, गोल फक्त ३. मे २०११ मध्ये, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकाने, तो २८ व्या वर्षी गेला. बॉस्टन विद्यापीठाच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा आजार आढळला. डोक्याला वारंवार धक्के बसून मेंदूच्या पेशी हळूहळू खराब होत जातात तो हा आजार. त्याचं खात्रीचं निदान अजून तरी मृत्यूनंतरच होतं.

पण धक्का बसायला मूठ लागत नाही. वेगात येणाऱ्याचा खांदा लागतो, फळीवर डोकं आपटतं. एरिक लिंड्रोस हा त्याच्या पिढीतला सर्वांत ताकदवान खेळाडू. अशाच धक्क्यांनी त्याची कारकीर्द कुरतडली आणि ३४ व्या वर्षी, २००७ मध्ये, तो थांबला. नंतर त्याने आपल्या गावच्या इस्पितळाला ५० लाख डॉलर दिले आणि शालेय खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींबाबत ओंटारिओत कायदा व्हावा म्हणून आवाज उठवला. तो कायदा २०१८ मध्ये झाला.

लीगने मात्र हात झटकले. निवृत्त खेळाडूंनी २०१३ मध्ये लावलेला दावा २०१८ मध्ये मिटला : ३१८ जणांसाठी सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर, म्हणजे प्रत्येकी साधारण २२ हजार आणि मेंदूच्या तपासण्यांचा खर्च. लीगने जबाबदारी कबूल केली नाही. अमेरिकन फुटबॉलपटूंना अशाच दाव्यात १०० कोटी डॉलरच्या आसपासची तडजोड मिळाली होती. माझ्या मते एनएचएलने इतकी स्वस्तात सुटका करून घेतली, ही तिच्या इतिहासातली लाजिरवाणी गोष्ट आहे.

गैरसमज : खेळ संपला की कोच नाहीतर समालोचक

३२ संघ, प्रत्येकी एक मुख्य प्रशिक्षक. टीव्हीच्या खुर्च्याही मोजक्याच. भारतातून आलेल्या वडिलांचा मुलगा मॅनी मल्होत्रा याला ही वाट मिळाली, पण ९९१ सामने खेळूनही तळापासून चढावी लागली. आधी सहायक, मग २०२४ मध्ये खालच्या लीगमधल्या ॲबट्सफर्डचा मुख्य प्रशिक्षक, आणि पुढच्याच वर्षी तिथलं विजेतेपद.

बाकीचे कुठे जातात? केन ड्रायडनने सहा स्टॅन्ली कप जिंकले. ऐन भरात एक अख्खा हंगाम सोडून टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली, ३१ व्या वर्षी निवृत्त झाला, पुढे लेखक, खासदार आणि मंत्री झाला. एडमंटनचा रँडी ग्रेग खेळायला आला तोच डॉक्टर होऊन. पाच कप जिंकले आणि नंतर खेळाडूंचेच गुडघे-खांदे तपासू लागला. आणि विली ओ’री? १९५८ मध्ये एनएचएलमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय. त्याच्या उजव्या डोळ्याला जवळजवळ दिसत नव्हतं, हे त्याने संघापासून लपवलं होतं. एनएचएलचे सामने मिळाले ४५, बाकी आयुष्य खालच्या लीगमध्ये. नंतर सॅन डिएगोत एका हॉटेलात सुरक्षेची नोकरी. लीगला त्याची आठवण झाली १९९८ मध्ये, तो साठीच्या पुढे गेल्यावर.

जाता जाता दोन किरकोळ समज. गॉर्डी हाव ५२ व्या वर्षापर्यंत खेळला म्हणून मनावर घेतलं तर कोणीही खेळेल, असं नाही. एनएचएलच्या शंभराहून अधिक वर्षांत त्या वयात खेळलेला तो एकटाच. आणि मुंबईतही दिसणारी टिम हॉर्टन्सची कॉफी हा कोणा हॉकीपटूचा निवृत्तीनंतरचा धंदा नाही. टिम हॉर्टन या हॉकीपटूने हॅमिल्टनमधलं दुकान १९६४ मध्ये, खेळत असतानाच काढलं. तो निवृत्त झालाच नाही. १९७४ मध्ये, ४४ व्या वर्षी, टोरांटोतला सामना खेळून रात्री गाडीने परतताना अपघातात गेला. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोने आपला हिस्सा भागीदाराला १० लाख डॉलरला विकला.

बायकांच्या बाबतीत तर ‘करोडपती हॉकीपटू’ हा शब्दच बाद. १ जानेवारी २०२४ ला सुरू झालेल्या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये किमान पगार ३५ हजार डॉलर ठरला. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली हेली विकेनहायझर २०१७ मध्ये थांबली आणि वैद्यकीय शाळेत गेली. २०२१ मध्ये डॉक्टर झाली.

टोरांटो, कॅल्गरी, व्हँकुव्हरकडच्या मराठी घरांतली मुलंही आता पहाटे पाचला रिंकवर जातात. त्यांच्या आई-वडिलांना एकच सांगणं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळायची वेळ आली, तर करारातलं शिक्षणाचं कलम आधी वाचा. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाची कॉलेजची फी आणि पुस्तकं मिळतात. त्याला अटी आणि मुदत असते. त्या लेखी मागून घ्या, आणि सही त्यानंतर करा.