रविवार संपल्यावरची उपासना

रविवारची उपासना दीड-दोन तासांत आटोपते. पाळकांचा आशीर्वाद होतो आणि मंडळी घरोघर पांगतात. सोमवार ते शनिवार श्रद्धेचं काय करायचं, याचं अस्सल मराठी उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई या जोडप्यानं शंभर वर्षांपूर्वी जगून दाखवलं.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. मिशनऱ्यांमुळे मराठी ख्रिस्ती मंडळींत विलायती चाली रुळल्या होत्या. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. अभंगाला टाळ पुरतात. तेही नसले तर टाळ्या. चूल फुंकताना, शेताच्या वाटेवर, पाळणा हलवताना तो म्हणता येतो. साहजिकच उपासना चर्चच्या बाकांवरून उठून घरात आली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची गीतं आजही कौटुंबिक प्रार्थनेत गायली जातात. संध्याकाळी आधी एखादं गीत, मग शास्त्रवाचन, मग घरातलंच कुणीतरी साध्या शब्दांत प्रार्थना करतं. तिच्यात मुलाची परीक्षा येते, थकलेला हप्ता येतो आणि शेजारच्या आजारी माणसाचं नावही येतं.

गाणं तसं सोपं. कसोटी लागते ती पाण्याच्या हंड्यापाशी. पतीनं धर्म बदलला तरी लक्ष्मीबाईंनी सोवळंओवळं सोडलं नव्हतं. जातिभेद देवानं नव्हे, माणसानं केले, हे विचारांती पटलं तेव्हा त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये झाला. आधी स्वयंपाकघर पालटलं, विधी मागाहून आला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं कसलाही आव न आणता सांगितलं आहे.

टिळक पुढे आणखी एक पाऊल गेले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी तिथे चालत. 1919 मध्ये ते वारले आणि तो प्रयोग मूळ धरू शकला नाही.

भजनं मात्र टिकली. हंड्याचा धडा अजून अर्धाच गिरवून झाला आहे. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात आडून विचारणारी ख्रिस्ती घरं आजही आहेत. रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी जात विचारायची, याला उपासना म्हणता येणार नाही.