रोमांच : ऐकलेलेंच गीत पुन्हां अंगावर कांटा कां आणतें ?

एखादें गीत आपण शंभर वेळां ऐकलेलें असतें. त्यांतील शब्द पाठ असतात, चाल पाठ असते, गायक कोठें क्षणभर थांबणार व कोठें स्वर चढविणार हेंही ठाऊक असतें. आणि तरी नेमक्या त्याच ठिकाणीं पुन्हां अंगावर सर्रकन् कांटा उभा राहतो. गोष्टीचा शेवट एकदां कळला म्हणजे तिची उत्सुकता ओसरते; मग गीताची कां ओसरूं नये ? विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

या अनुभवाची नोंद आपल्या देशांत फार पूर्वींच झालेली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत अश्रु, स्वेद व कंप यांच्या पंक्तीस रोमांचही बसविला आहे. मन एकाग्र झाल्यावांचून हे भाव प्रकट होत नाहींत, असें त्या ग्रंथाचें म्हणणें आहे. हें वाक्य ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

आतां शरीरांत काय घडतें तें पाहूं. प्रत्येक केंसाच्या मुळाशीं एक अतिसूक्ष्म स्नायु असतो. थंडी वाजली अथवा भीति वाटली म्हणजे ज्ञानतंतूंकडून त्यास सूचना मिळते, तो आखडतो व केंस ताठ होतो. कुत्र्यापुढें मांजर अंग फुगवून उभें राहतें, तें याच स्नायूंच्या बळावर. परंतु गीत ऐकतांना थंडीही नसते आणि शत्रूही नसतो; मग ही सूचना देतो कोण ?

कॅनडांतील माँट्रिऑल येथील शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं या प्रश्नाचा शोध घेतला. आपापलें आवडतें संगीत ऐकून ज्यांस रोमांच येत, अशांच्या मेंदूचें त्यांनीं निरीक्षण केलें. अन्नासारख्या जीवनावश्यक गोष्टींपासून होणाऱ्या सुखाशीं मेंदूचे जे भाग संबद्ध आहेत, तेच या वेळीं जागृत झालेले आढळले. पुढें २०११ सालीं तेथेंच असें दिसून आलें कीं, डोपामिन नांवाचें द्रव्य त्या उत्कट क्षणीं तर स्रवतेंच, पण तो क्षण येण्याच्या कांहीं सेकंद आधींही मेंदूच्या दुसऱ्या एका भागांत स्रवूं लागतें. म्हणजे सुखाचा अर्धा वांटा वाट पाहण्यांत आहे ! आणि जें आपणांस मुळींच ठाऊक नाहीं, त्याची वाट आपण कशी पाहणार ?

हिंदुस्थानी संगीताचे श्रोते हें रहस्य प्रयोगशाळेवांचून जाणत आले आहेत. त्रितालाच्या १६ मात्रा चालू असतात. गवई आलापांत व तानांत दूर निघून जातो. आतां हा परत कसा येणार, अशी काळजी वाटूं लागते. इतक्यांत तो मुखडा धरून अचूक समेवर उतरतो आणि साऱ्या सभेची मान एकदम हलते. सम कोठें आहे हें ज्यास ठाऊक असतें, त्यासच हा आनंद पुरा मिळतो. सारांश, ओळखीनें गोडी मरत नाहीं. ओळखीनें ती वाढते.

आपल्या नाशिकास या विषयांत मोठा मान आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९२२ सालीं येथें रामनाम आधार आश्रम स्थापिला. १९३१ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांचे पुत्र दत्तात्रेय हे अवघे दहा वर्षांचे होते. पुढें त्यांनीं थोर गायक म्हणून कीर्ति मिळविली, परंतु १९५५ सालीं वयाच्या ३४ व्या वर्षींच ते कालवश झाले. बाल रामचंद्रांच्या चालण्याचें वर्णन करणारें तुलसीदासांचें भजन त्यांच्या आवाजांत मुद्रित झालेलें आहे. प्रत्येक कडव्याअंतीं धृपद परत येतें, आणि परत येणार हें ठाऊक असूनही दर वेळीं मन हेलावतें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कार्याचें मर्मही येथेंच उमगतें. आरंभींच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून इंग्रजी गीतांचीं भाषांतरें इंग्रजी चालींवर पुष्कळ गाइलीं जात. मराठी शब्दांची ऱ्हस्वदीर्घ चाल एक आणि त्या सुरांचा आघात दुसरा. त्यामुळें कानास ज्याची अपेक्षा तें मिळेना. टिळकांनीं ओवी, अभंग, पदें हीं आपलींच वळणें घेऊन प्रभूचें भजन रचिलें. ज्या कानांनीं आजीची ओवी ऐकली होती, ते कान उपासनेंत तत्काळ जागे झाले. 'उपासना संगीता'मधील त्यांचीं गीतें आजही तितक्याच प्रेमानें गाइलीं जातात, यांत नवल तें काय ?

तथापि एक इशारा देणें अवश्य आहे. रोमांच म्हणजे भक्ति नव्हे. रणवाद्यांनींही अंगावर कांटा येतो, आणि द्वेषाच्या घोषणांनींही येतो. गीतांच्या गोंगाटापेक्षां न्याय हा नदीच्या पाण्यासारखा वाहावा, हीच देवाची मागणी आहे, असें आमोस संदेष्ट्यानें बजावलें आहे. म्हणून मन हेलावल्यावर तें कोणीकडे वळलें, हें ज्याचें त्यानें पाहावें. उलट, कित्येकांस असे रोमांच क्वचितच येतात किंवा मुळींच येत नाहींत. तेवढ्यावरून त्यांचें अंतःकरण कोरडें ठरत नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. पूर्वीं तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे, आणि तेवढ्यासाठीं सारें घर गोळा होऊन बसे. आज मुलांच्या हातीं असलेल्या यंत्रांत हजारों गीतें आहेत; अभ्यास करतांना, जेवतांना, चालतांना तीं वाजतच असतात. येथें भरतमुनींचें वचन आठवावें : एकाग्रतेवांचून रोमांच नाहीं. गीत वारंवार ऐकल्यानें शिळें होत नाहीं. लक्ष न देतां ऐकल्यानें शिळें होतें. आठवड्यांतून एकदां तरी मुलांसह स्वस्थ बसून एकच गीत आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावें, व शक्य तर स्वतः म्हणावें. अशीं चार गीतें जरी बाळपणीं मनांत रुजलीं, तरी पुढें सुखदुःखाच्या प्रसंगीं तींच मुलांस आधार देतील.