धूळपाटीवरून ज्ञानकोशाकडे

मराठी माणसाला ज्ञानकोशाचे आकर्षण नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी २३ खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला; पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. याच ध्येयाचा, परंतु लेखकांना मानधन न देता चालणारा प्रयोग म्हणजे ‘विकिपीडिया’. जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी तो इंग्रजीत सुरू केला. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला.

‘कोणीही लिहावे, त्यावर विश्वास कसा ठेवावा?’ ही आपल्या व्यवसायबंधूंची शंका रास्त आहे. तेथे प्रत्येक फेरफार लेखाच्या ‘इतिहास’ पानावर नोंदला जातो, चुकीचा बदल परतवता येतो आणि मतभेदांचा ऊहापोह ‘चर्चा’ पानावर होतो. २००५ साली ‘नेचर’ नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेखांची तुलना केली. तीत प्रत्येक लेखामागे विकिपीडियात सरासरी सुमारे ४, तर ब्रिटानिकात सुमारे ३ चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तुलनेवर आक्षेप घेतला, हेही नमूद केले पाहिजे.

इंग्रजी आवृत्तीत वैद्यकीय विधानाला आढावा-लेख, प्रमाण पाठ्यपुस्तक अथवा अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे यांचा आधार अपेक्षित असतो; ‘माझ्या रुग्णांत असे दिसले’ हा पुरावा तेथे चालत नाही. कॅनडातील आपत्कालीन चिकित्सक डॉ. जेम्स हाइलमन यांच्यासारख्यांनी अशा लेखांची वर्षानुवर्षे निगराणी केली. ऑक्टोबर २०२० मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेनेही कोविडविषयक माहितीसाठी विकिमीडिया प्रतिष्ठानाशी सहकार्य जाहीर केले.

आपल्या इंदुरात नवी पिढी हिंदी-इंग्रजीत वाचते. पण घरातील कित्येक ज्येष्ठांना आजार समजून घ्यायचा असतो तो मराठीतच. ते ‘अटॅक’ म्हणतात, तेव्हा हृदयाचा रक्तपुरवठा खुंटला, हृदयाचे ठोके थांबले की पक्षाघात झाला, हे मला दर वेळी विचारून घ्यावे लागते. हा भेद सोप्या व अचूक मराठीत लिहिणे केवळ शब्दकोशाच्या बळावर साधणारे नाही. त्यासाठी रुग्णाची भाषा आणि वैद्यक दोन्ही जाणणारा माणूस हवा. आपण लिहिले नाही, तर ती जागा ऐकीव उपचारांचे निरोप भरून काढतील.

नवोदितांच्या सरावासाठी मराठी विकिपीडियावर ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. आपल्या सभासदांपैकी प्रत्येकाने वर्षाकाठी एकच लेख तेथे गिरवून, संदर्भांसह ज्ञानकोशात नेला, तरी चिकित्सालयाबाहेरची ती मोठी रुग्णसेवा ठरेल.