फोटोतली माशी कोणती?

कोथिंबीर फुलावर आली की तिच्या पांढऱ्या झुबक्यांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक चिमुकला कीटक हवेत जागच्या जागी थांबलेला दिसतो. गांधीलमाशी समजून आपण हात मागे घेतो. त्याचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. पंख चार नाहीत, दोनच आहेत. मिशा आखूड, डोळे डोकं व्यापून उरलेले. ही सिरफिड माशी. तिला नांगी नसते, आणि तिच्या कित्येक जातींच्या अळ्या पिकावरचा मावा खाऊन शेतकऱ्याचं काम हलकं करतात.

दोन पंख ही माशीची पहिली खूण. मागच्या पंखांच्या जागी मुगदळासारखे दोन बारीक अवयव उरलेले असतात. उडताना तोल सांभाळणारे हे हॉल्टिअर. जगात अशा द्विपंखी कीटकांच्या दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झाली आहे. एखाद्या फोटोवरून त्यातली नेमकी एक जात सांगता येईल का? कधी येते, कधी मुळीच येत नाही. फोटो किती सुंदर आहे यावर ते ठरत नाही. वेगळेपणाची खूण शरीरावर कुठे आहे, यावर ठरतं.

सिरफिडच्या बाबतीत नशीब बरं. पंखाच्या मध्यावर, इतर शिरांना न जोडलेली एक आभासी शीर दिसली की कूळ पक्कं. पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर एक जाड आणि एक बारीक अशी काळ्या पट्ट्यांची जोडी दिसली, तर एपिसिरफस बाल्टिएटस हे नाव बऱ्याच खात्रीने घेता येतं. डोळे माथ्यावर एकमेकांना भिडले असतील तर नर, मध्ये फट असेल तर मादी.

करड्या माश्यांकडे वळलं की हा सोपेपणा संपतो. घरमाशीच्या छातीवर चार काळ्या उभ्या रेघा असतात, मांसमाशीच्या छातीवर तीन, आणि मांसमाशीच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट असते. इथवर मोबाईलचा साधा फोटोही पोहोचवतो. पण मांसमाशीची जात ठरते ती बहुतेकदा नराच्या जननेंद्रियांवरून, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून पाहावी लागतात. तेव्हा अशा फोटोखाली फक्त प्रजातीपर्यंत नाव लिहून थांबणारा माणूस मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. ठोकून दिलेलं पूर्ण नाव नोंदींमध्ये शिरलं की तिथून बाहेर काढणं फार अवघड असतं.

आंबा बागायतदारासाठी तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. आंब्यावरची फळमाशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस हिच्या पंखाच्या वरच्या कडेने तपकिरी पट्टी अखंड जाते. तिच्या पेरूवरच्या नातलगांमध्ये ती पट्टी तुटलेली असते आणि टोकाला ठिपका उरतो. काकडी-कारल्यावरच्या फळमाशीच्या छातीवर मधोमध आणखी एक पिवळी रेघ असते. आंब्यावरचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाने सापळ्यात येतात, वेलभाज्यांवरचे क्यू-ल्यूरच्या. माशी ओळखण्यात चूक झाली तर सापळा रिकामाच राहायचा.

फोटोवरून नवीन जात जाहीर करावी का, हा वाद 2015 मध्ये पेटला. नील इव्हनहुइस आणि स्टीफन मार्शल यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या, भुंग्यासारख्या दिसणाऱ्या मार्लेमायिया झायलोकोपी या माशीचं वर्णन केवळ छायाचित्रांवरून प्रसिद्ध केलं. नमुना हाती नव्हता. पुढच्याच वर्षी जगभरच्या सुमारे 500 शास्त्रज्ञांनी छायाचित्रांवर आधारलेल्या वर्गीकरणाविरुद्ध सह्या केल्या. मला त्यांचं म्हणणं पटतं. फोटोतून डीएनए निघत नाही, आणि उद्या कुणाला शंका आली तर पुन्हा तपासायला त्यात काही उरत नाही.

तरीही फोटोला दुय्यम मानू नका. गुरांना चावणाऱ्या गोमाशीच्या डोळ्यांवर हिरवे-जांभळे झळाळते पट्टे असतात, आणि ती मेल्यावर ते विरून जातात. संग्रहालयातल्या टाचणीवरच्या नमुन्यात ते शोधून सापडत नाहीत. माशी कोणत्या फुलावर बसली होती, कशी बसली होती, पंख पसरून की मिटून, हेसुद्धा जिवंत माशीच्या फोटोतच राहतं.

म्हणून पुढच्या वेळी माशी दिसली तर एका फोटोवर थांबू नका. एक वरून घ्या, एक बाजूने, एक समोरून चेहऱ्याचा, आणि एक असा की पंखातल्या शिरा मोजता येतील. सोबत ठिकाण, तारीख आणि झाडाचं नाव लिहा. तज्ज्ञाने जातीचं नाव न देता फक्त कूळ सांगितलं, तरी तेच लिहून ठेवा आणि मूळ फोटो जपून ठेवा.