पदकावरची भवानी

सागरी मोहिमेचे पदक हिंगोलीपासून फार लांबचे वाटेल, पण या पदकावर भवानी तलवार आहे. ५ जून १९५० रोजी सुरू झालेले ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ केवळ नौदलासाठी नव्हे, तर तिन्ही दलांसाठी होते. ते गोल, ३६ मिलिमीटर व्यासाचे. दर्शनी बाजूस शिवरायांची भवानी, म्यानाबाहेर, टोक वर, टोकाभोवती तेजोवलय. मागे कमळ आणि कळ्या. फीत लाल, तिच्यावर हिरव्या बारीक रेघा. स्वतंत्र भारताने आपल्या पहिल्या मोहीम-पदकासाठी हे चिन्ह निवडले, ही मराठी माणसाला अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

मोहीम कोणती, हे फितीवरच्या धातूच्या पट्टीवरून कळते. नौसैनिकांसाठी त्यातली मोलाची पट्टी ‘गोवा १९६१’. हिंगोलीचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून सुटला. पोर्तुगीज राजवटीतून सुटायला गोव्याला आणखी १३ वर्षे थांबावे लागले. १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौकांनी मुरगाव बंदरात ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका निकामी केली. त्याच दिवशी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ‘त्रिशूल’ या युद्धनौकेवरून नौसैनिक उतरले. तिथे नौदलाचे सात जण कामी आले. त्यांचे स्मारक त्या बेटावर आहे.

१९६५ मध्ये या पदकाची जागा ‘सामान्य सेवा मेडल’ने घेतली.